पाटी न आलेला माणूस

मूकपटाशी कडाकडा भांडणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो माझा मेव्हणा आहे. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात तो दिवसभर एक्स-रे काढतो आणि सुटीच्या दिवशी आमच्याकडे येऊन शंभर वर्षांपूर्वीचे मुके काउबॉयपट लावून पडद्यावरच्या शेरीफला जाब विचारतो. आपण घोडे बघतो, हा कुंपण बघतो. "भाऊजी, ही जमीन आधी कोणाची होती?" असं त्याने मला भर मारामारीत विचारलं आहे. रेल्वेचे रूळ दिसले की ते टाकणारे चिनी मजूर कुठे गेले म्हणून सिनेमा मागे नेतो. दीड तासाचा खेळ चार तास चालतो आणि आमच्या हिने केलेली भजी गार होतात.

त्याचा सगळ्यात मोठा राग संवादाच्या पाट्यांवर. शेरीफ बोलला की पाटी, रँचचा मालक बोलला की पाटी, एकदा तर घोडा खिंकाळला त्याचीही पाटी आली. आणि एका सिनेमात ज्याची जमीन चालली आहे तो तिथला मूळचा माणूस चांगला मिनिटभर ओठ हलवतो, तरी पाटी नाही. तेव्हा ह्याने स्वतःच एक पाटी करून तिथे घुसवली, तीही मराठीत: 'हा बोलला. कोणी लिहून घेतलं नाही.'

हा सिनेमा आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात दाखवायचं ठरलं होतं आणि मेव्हणा वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होता. अध्यक्षांनी पाटी काढायला सांगितली. इथल्या प्रथेप्रमाणे दर कार्यक्रमाआधी या भूमीच्या मूळ आदिवासी मालकांना वंदन करणारा कागद वाचतात तेच हे अध्यक्ष. आपण इथे पाहुणे, राजकारण नको, असं त्यांचं म्हणणं. मीही म्हणालो, काढ रे एवढी एक. तो म्हणाला, "त्याची जमीन गेली ती स्टोरी, आणि मी दोन ओळी लिहिल्या की पॉलिटिक्स? नो वरीज. माझ्या गॅरेजमध्ये दाखवतो."

गॅरेजमध्ये आम्ही पाच जण जमलो. पाचव्या होत्या त्या अध्यक्षांच्या आई, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. मागच्याच गल्लीतून, घरी न सांगता चालत आल्या होत्या. इंग्रजी पाट्या वाचता येत नसल्याने त्या नुसत्या बघत होत्या. मराठी पाटी आली तशी त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचली. मग म्हणाल्या, "माझं घरी असंच होतं रे. मी बोलते, नातवंडं गोड हसतात आणि पुन्हा आपलं इंग्रजी सुरू करतात."

आता हा तासभर भाषण देणार, असं मला वाटलं. त्याने सिनेमा थांबवला, खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला आणि "सांगा ना, काकू," एवढंच म्हणाला. त्या बराच वेळ बोलत होत्या आणि तो एक शब्दही न बोलता ऐकत होता. पाटी काढ म्हणालो होतो याची मला फार लाज वाटली. सिनेमा त्या दिवशी पुढे गेलाच नाही.