डबी परत करणाऱ्या बाई

जालन्याच्या त्या लॅबमधल्या बाईंचं नाव मला माहीत नाही. लोक शौचाची डबी तीन पिशव्यांत गुंडाळून, लपवत आणतात. बाई मात्र ती दोन्ही हातांनी घेतात, वरचं नाव वाचतात आणि विचारतात, "बराबर?" उत्तर आल्याशिवाय पुढं सरकत नाहीत.

पोटदुखीच्या तपासणीसाठी मी जाफराबादहून जीपनं डबी घेऊन आले, तर त्यांनी विचारलं, "दुखण्याची गोळी चालू हाय का कोणती?"

"गुडघ्यासाठी, रोज एक."

त्यांनी डबी परत केली. मी चिडलेच.

"ताई, आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी तिथं धावतात. त्यांचं प्रथिन शौचात उतरतं, तेच आपण मोजून राह्यलो. पण ह्या गोळीनंबी आतडं सुजतं. मंग वाढलेला आकडा आजाराचा का गोळीचा? डॉक्टरांना विचारून गोळी बंद करा, मंग या."

महिन्याभरानं मी पुन्हा डबी दिली. रिपोर्ट आणायला गेले, तेव्हा रांग होती. बाई पाकीट घेऊन उठल्या आणि बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आकडा जास्तच हाय, ताई," त्या हळू म्हणाल्या. "पण आता गोळीचा संशय न्हाई. दुखणं खरं हाय तुमचं."

वर्षभर घरातले सगळे म्हणत होते, तुझ्या मनाचे खेळ आहेत. मी डोळ्यांना पदर लावला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, जल्दी करा!"

बाई उठल्या नाहीत.