सत्काराची खुर्ची

आमच्या नर्सबाई मूळच्या नवापूरच्या. उन्हातान्हात बोईसरच्या घराघरांत जाऊन 'दोन मुलं पुरेत' असं सांगत फिरायच्या. आमच्याकडे आल्या की चहा बशीत ओतून उभ्याउभ्याच प्यायच्या आणि अंगणातली माझी चार पोरं बघून म्हणायच्या, "गुरुजी, शाळा घरीच उघडली काय?" मी शाळामास्तर, गुपचूप पोरांना आत पिटाळायचो. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. आमची ही दर संक्रांतीला त्यांना एखादं स्थळ सुचवायची, आणि त्या तिळगूळ तेवढा घ्यायच्या.

ऐंशीच्या सुमारास पालघरला दोन मुलांवर थांबलेल्या जोडप्यांचा सरकारी सत्कार ठरला. साडी, धोतर आणि नारळ. मी चौघांचा बाप, म्हणून सतरंज्या घालायला आणि टाळ्या वाजवायला. नर्सबाई मात्र सरळ स्टेजवर गेल्या आणि जोडप्यांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसल्या.

"बाई, हा मान संसारी माणसांचा," नारळ द्यायला आलेले साहेब हळूच म्हणाले.

"सरकारला पोरं कमी पायजेत ना साहेब? माज्यापेक्षा कमी कोनाची हायेत?"

मांडवात हसू पसरलं. साहेबांनी नारळ दिला नाही, आणि बाई उठल्या नाहीत. शेवटी फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला व्हा, जोडपी मावत नाहीत."

"त्यांना सरकव ना भाऊ," पदर नीट करत बाई म्हणाल्या. "मी एकटी हाय, मला जागा कमी लागते. पन तेवडी मी सोडनार नाय."

जोडपी सरकली.