मारुतीच्या पायावरचा हात

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. घरच्यांजवळ नाही, माहेरी नाही, मुलाजवळ तर नाहीच. देवाला मात्र सांगायची गरज नव्हती — तो तिथं होताच. सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. मला हलकं व्हायचं नाही. इतकी वर्षं हे सांगायची भीती वाटत होती, आता न सांगता मरायची वाटते, एवढंच. म्हणून लिहिते आहे.

मारुतीपासून सुरुवात करते. माझे वडील मेहकरला शाळामास्तर, त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं. लग्न होऊन मी अमडापूरच्या बाजाराला पायी जाता येईल अशा एका खेड्यात आले. माझं पुस्तकी बोलणं ऐकून सासरची माणसं हसायची — सून आणली का पोथी आणली, असं. सगळी तोंडं अनोळखी. त्यात एकटा मारुती तेवढा ओळखीचा होता. मेहकरला होता तसाच इथं वेशीजवळ, शेंदरानं लालभडक, चांदीचे डोळे लावलेला.

आमच्या गावात त्याच्याशिवाय पान हलत नाही. नवरदेव आधी त्याच्या पाया पडतो, मग मांडवात जातो. पोळ्याला बैल त्याच्या पुढ्यात नेतात. नवी विहीर खणायची, भांडण मिटवायचं, पोराला पहिल्यांदा आखाड्यात उतरवायचं — सगळं त्याला विचारून. मात्र तो ब्रह्मचारी, म्हणून बायकांनी पायरीच्या आत जायचं नाही. शनिवारी आम्ही तेलाची वाटी गुरवाच्या हातात द्यायची आणि बाहेरून हात जोडायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पायरीवरून मी त्याला मनातलं सगळं सांगायची. सासूबाई काय बोलल्या, आईची आठवण येते, दिवस गेलेत — ही बातमीसुद्धा यांच्या आधी त्याला कळली. माझं त्याच्यावर प्रेम होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

शेंदराच्या खोळीबद्दल सांगायला हवं. — विषय टाळते आहे असं वाटेल. टाळतेच आहे. — मारुतीच्या अंगावर शेंदूर आणि तेल चढत जातं. थरावर थर बसून त्याची जाड खोळ होते, आतला दगड कसा आहे हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. मग कधीतरी, पिढीतून एखाद्या वेळी, ती खोळ आपोआप गळून पडते. देवानं खोळ टाकली म्हणतात. वाजतगाजत ती नदीत सोडतात, गावाला आनंद होतो. पण ती त्यानं आपणहून टाकायची असते.

ते मानमोडीच्या तापाचं वर्ष होतं. दसरा झाला आणि घरोघर माणसं आडवी पडायला लागली. कापूस फुटून वावरं पांढरी झाली होती आणि वेचायला माणूस नव्हतं. सासूबाई त्याच तापात गेल्या. त्यांचे दिवसही पुरते झाले नव्हते आणि माझा गणू तापला. दुडुदुडु चालायला लागला होता, चार शब्द बोलायचा. तो बोलेना, पाणी पिईना, नुसता माझ्याकडे बघायचा. सासूबाईंनीही शेवटी असंच बघितलं होतं.

दुपारची वेळ होती. ज्याला चालता येत होतं तो वावरात होता, हेसुद्धा. मला एकच सुचत होतं — मारुतीच्या अंगावरचा शेंदूर कपाळाला लावला की ताप उतरतो. सगळेच लावतात, गुरव बोटावर घेऊन देतो. मी गणूला निजवलं आणि वेशीकडे पळाले. सोनाजी गुरव देवळात नव्हता, तोही कापूस वेचायला गेला होता. वेशीत चिटपाखरू नव्हतं. मी पायरीवर उभी राहून हात जोडले. म्हटलं, बाबा, चिमूटभर. आणि आत गेले.

चिमूटभरच घ्यायचा होता. खांद्यावर नखानं खरवडलं तर निघेना, वाळून दगड झाला होता. मी जोर लावला. दोन्ही हातांनी लावला. आणि काहीतरी कडकन वाजलं, खांद्यापासून तोंडापर्यंतची खोळ सुटली आणि माझ्या अंगावरून खाली आली. चांदीचा एक डोळा माझ्या पायाशी पडला. उताणा. माझ्याकडे बघत.

वर बघायला नको होतं. मी बघितलं. आत काळ्या दगडाचं छोटंसं तोंड होतं, पोरासारखं, फुगऱ्या गालांचं. सगळं गाव त्याच्या रागाला भिऊन असायचं आणि त्या तोंडावर राग नव्हताच. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. रागावला असता तर मी तिथंच पाया पडले असते. मुठीत आला तेवढा शेंदूर घेऊन मी पळाले.

गणूच्या कपाळाला तो लावला. नखातला शेंदूर निघेना, राखेनं घासला तरी निघेना, म्हणून शेण कालवून मी सगळं घर सारवत बसले. हे घरी आले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते. आणि गणूच्या अंगाला घाम सुटला होता. त्यानं पाणी मागितलं.

गणू बरा झाला. चोरलेल्या शेंदरानं बरा झाला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली — मी तोंड उघडलं तर दिलेलं तो परत घेईल. हे खरं होतं का? कुणाला ठाऊक. पण माझ्या शेजारी पोर श्वास घेत होतं आणि मला त्याहून जास्त काही कळून घ्यायचं नव्हतं.

गावात हाहाकार झाला. खोळ आपोआप पडली असती तर गोष्ट वेगळी होती, पण तिच्यावर नखांचे ओरखडे होते. आणि आत, तेल सांडून सांडून चिकट झालेल्या फरशीवर, बाईच्या पायाचा ठसा होता. साथ आधीच आलेली, पण आता ती कशामुळे आली हे सगळ्यांना कळल्यासारखं झालं. पाटलांनी पारावर सगळ्यांना जमवलं.

"कोन्या घरची बाई, ते देवच सांगन," पाटील म्हणाले. "ज्याच्या त्याच्या घरच्या बाईसाठी ज्यानं त्यानं देवाच्या पायावर हात ठेवावा."

बाईला आत जाता येत नाही, मग बाईची शपथ कशी घ्यायची? म्हणून बाप्यांनी घ्यायची, अशी आमच्याकडची रीत. पायावर हात ठेवून म्हणायचं, माझ्या घरच्या बाईनं हे केलं नाही. खोटा हात ठेवला तर वर्षाच्या आत त्या घरात दिवा लावायला माणूस उरत नाही. हे लहान पोरालाही माहीत असतं.

यांनी मला विचारलंसुद्धा नाही. उपरणं खांद्यावर टाकलं, "हात ठिवून येतो," म्हणाले आणि निघाले. मी चुलीपुढे होते. एका हाकेत ते थांबले असते. मी ती हाक मारली नाही. परत आले, पाणी मागितलं, मी दिलं.

पण माझा अपराध हा नव्हे. याला निदान भीती म्हणता येईल. अपराध अजून पुढे आहे.

सोनाजी गुरवाची एक बहीण होती, येसू. लवकर विधवा होऊन भावाकडे परत आलेली. देवळाचं अंगण तीच झाडायची, वाती तीच वळायची. दर शनिवारी पायरीखाली बसून रुईच्या पानांची माळ करायची आणि भावाच्या हातात द्यायची. त्या मारुतीवर माझ्याहून कुणाचं जास्त प्रेम असेल तर ते तिचं. तिला दुसरं होतंच कोण? गावातल्या सगळ्या बायकांसाठी कुणी ना कुणी हात ठेवला. येसूची पाळी आली आणि सोनाजी उभाच राहिला.

"मी वावरात होतो," म्हणाला. "ज्या हातानं देवाले रोज तेल लावतो, त्या हातानं मी न पाह्यलेली गोस्ट कशी सांगू?"

तो वाईट माणूस नव्हता. तो भ्याला. जो रोज देवाला हात लावतो त्यालाच त्याची किंमत माहीत. बाकीच्यांनी न बघताच हात ठेवले होते, यांनीसुद्धा. पण सोनाजीनं ठेवला नाही आणि गावाला उत्तर मिळालं. अमावास्येच्या आत येसूनं गाव सोडावं असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली. घरात आली नाही, उंबऱ्याबाहेर बसली. गणू अंगणात खेळत होता, त्याच्याकडे बघून हसली. मग म्हणाली,

"वयनी, दादाले सांगा ना. एक डाव माह्यासाठी हात ठेवा म्हना. गावची बहीन आहो मी त्यायची. भावानं नाई ठेवला तं गावातल्या कोन्या भावानं ठेवला तरी चालते, पाटीलच म्हनले."

मी सूप पुढे ओढून ज्वारी निवडायला लागले.

"तुमाले तं खरं वाटते ना, वयनी? म्या नाई लावला देवाले हात."

सगळ्या गावात एकटी मी अशी होते जिला ते खरं वाटत नव्हतं — मला ते माहीत होतं. त्या आठवड्यात त्या पायांवर किती हात न बघता पडले असतील, पण एक हात असा होता की जो डोळे मिटून ठेवावा आणि घराला काही होऊ नये. तो येसूसाठीचा. आणि तो मलाच ठेववता आला असता. यांना नुसतं म्हणायचं होतं, येसूसाठी जाऊन या. ते गेले असते.

मग मी का नाही म्हटलं? कारण येसू नाही, तर मग कोण — हे गावानं पुन्हा विचारलं असतं. या वेळी तो पायाचा ठसा मोजला असता. एवढंच कारण. मी ते फिरवून फिरवून बघितलं आहे, त्यात दुसरं काही सापडत नाही.

"विचारते," मी तिला म्हणाले. ती संध्याकाळी परत आली. हे गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी दारातच तिला गाठलं आणि हळू आवाजात म्हणाले,

"विचारलं. ते नाही म्हणतात."

मी विचारलं नव्हतं.

येसूनं गोठ्याकडे एकदा बघितलं. "हाव," म्हणाली. "त्यायचं बी घर आहे." आणि निघून गेली. मी जे केलं ते यांच्या नावावर केलं आणि तिनं ते यांच्या नावावरच धरलं. सोनाजीनं तिला बैलगाडीत घालून नांदुऱ्याला नेलं, तिथं एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ती कामाला लागली. गाडी वेशीतून गेली तेव्हा मी घरात होते. दार लावून.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. यांना यायला उशीर झाला की मी वेशीपर्यंत जाऊन बघायची. हे विहिरीवर गेले की माझे कान तिकडे. यांना ठसका लागला तरी मी हातातलं काम टाकून बघत राहायची. गणू झोपला की नाकापुढे बोट धरायची. खोटा हात यांनी ठेवला होता आणि तो खोटा आहे हे यांना ठाऊकही नव्हतं — तरी देव मोजतो का? वर्ष संपलं. दुसरं गेलं. काही झालं नाही. साथ ओसरली. गाव म्हणालं, येसू गेली, बरं झालं.

सोनाजीनं मारुतीला पुन्हा शेंदूर चढवला. आता तोही इतका जाड झाला आहे की आतलं तोंड कुणाला आठवत नाही. मला आठवतं. दर शनिवारी मी पायरीवर तेलाची वाटी धरते आणि मान वर करत नाही. लोक म्हणतात, मास्तराची लेक किती भक्तिवान.

येसू नांदुऱ्यालाच वारली. सोनाजी जाऊन आला, बऱ्याच दिवसांनी पारावर बोलला. तिच्या खोलीबाहेर एक दगड होता, शेंदूर लावलेला. शनिवारी ती त्याच्यासाठी रुईची माळ करायची. पण तिथंही स्वतः हात लावत नव्हती. शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या हातानं घालून घ्यायची.

आता शेवटचं. यंदा चैत्रात, मारुतीच्या जयंतीच्या दिवशी, गणूनं देवळाला नवी घंटा बांधली. तोच गणू, त्याच्याही मिशीत आता पांढरा केस आहे. हे ओट्यावर दोर वळत बसले होते, मी आत भाकरी करत होते. घंटा वाजली तसा यांनी दोराला आणखी एक पीळ घातला. मग दोरावरची नजर न काढता म्हणाले,

"त्या येसूचं वाईट झालं. तिच्यासाठी म्या ठेवला असता हात. कोनी म्हनलंच नाई मले."

मी भाकरी उलटली. पापुद्रा फुगेपर्यंत थांबले. ताट वाढलं आणि त्यांना जेवायला हाक मारली.