रफीकभाईंचा हॉर्न

थोरल्या भावाच्या वरातीत लाऊडस्पीकरची वायर मी काढली, आणि सगळ्यांना सांगितलं की रफीकभाईंचं मशीन बिघडलं.

मारेगावात त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. लग्नसराईत ते बँडपार्टीत गायचे. सिनेमाची गाणी झाली की गळ्यात गिटार अडकवून स्वतः रचलेलं गाणं सुरू करायचे: "जसा आहो तसा आहो, मले मीच पसंत." कोणी म्हटलं, सिनेमातलंच म्हणा ना, तर उत्तर ठरलेलं. "हॉर्न आपलाच वाजवावा, बावा. दुसऱ्याच्या हॉर्ननं आपल्यासमोरची म्हैस हटत नाही."

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत लग्नं आटोपशीर झाली, बँडपार्टीही निम्म्यावर आली. पण या गाण्यावर खिशात हात घालून उभी असलेली माणसंही नाचायची. भावाच्या वरातीत तर हंगामभर कोणाशी धड न बोललेले माझे काका टोपी उडवत होते.

मला मात्र लाज वाटली. वहिनींच्या माहेरची नागपूरची मंडळी मांडवाच्या दारात उभी होती, आणि त्यांच्यासमोर आमची ही वऱ्हाडी बोली. मी मशीन ठेवलेल्या हातगाडीमागे जाऊन वायर उपसली. रफीकभाईंचे ओठ हलत राहिले, आवाज गेला. काका टोपी झटकून बाजूला झाले. रफीकभाई मशीनकडे बघून म्हणाले, "दमलं बिचारं."

त्यानंतर ते गाणं त्यांनी कुठल्याच वरातीत म्हटलं नाही.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं, तेव्हा कुठे मला गॅरेजात जायचा धीर झाला.

"भाई, तवा मशीन बिघडलं नोतं. वायर म्या काढली होती. चुकलं माह्यं."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. "हे मेकॅनिकले सांगून राह्यला का?"

"मंग तवा बोलले काहून नाही?"

"तुह्या भावाचं लग्न होतं. मशीनवर आळ आला तं मशीन थोडीच रडते? पण गाणं रुसलं, बावा. वाटलं, लोकायले नको असन."

"पोराच्या वरातीत म्हणा, भाई."

"म्हणतो. पण वायर तू सांभाळशीन."

वरातभर मी हातगाडीमागे, प्लग दाबून धरून चाललो. कोणीतरी ओरडून विचारलं, "नवरदेवाचा बाप तिथं कायले?"

रफीकभाईंनी माइकवरूनच सांगितलं, "मेकॅनिक आहे माह्या मशीनचा." आणि गाणं सुरू केलं.

मी प्लग आणखी घट्ट दाबला.