तत्त्वतः मान्य

मुलांनो, श्रीमंत देशांना झापणाऱ्या ज्या गृहस्थांचा व्हिडिओ तुम्ही परवा कौतुकानं पाठवलात, ते आपल्याच इमारतीत सर्वांत वर राहतात, म्हणून लिहिते.

हवामान परिषदेहून आले की गळ्यातलं ओळखपत्र ते आठवडाभर काढत नाहीत. भाजीलाही तसेच जातात. प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, जणू मागं कुणी भाषांतर करतंय. "ज्यांनी धूर ओकला, त्यांनी बुडणाऱ्या देशांना हात द्यावा. नुसत्या बैठका नकोत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या पुरात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं. तळमजल्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या आक्का जिन्यातून ओरडल्या, "सायेब, गिरणीची मोटर तुमच्या रिकाम्या खोलीत ठिवू द्या की!"

ते थांबले. "तत्त्वतः मान्य. पण जबाबदारी सगळ्याच मजल्यांची आहे. आधी बैठक घेऊ."

"घ्या की! पाणी बी येतंय बैठकीला."

शेवटी गल्लीतल्या पोरांनी मोटर उचलून पहिल्या मजल्यावर, माझ्या जेवणाच्या टेबलाशेजारी आणून ठेवली. ती बैठक अजून व्हायची आहे. गिरणी मात्र पूर ओसरताच चालू झाली, आणि सायेबांचं दळणही तिथंच येतं.