पियानोला पावडर कोटिंग

मंडळी, सकाळी काळेवाडीत एका काकांचा जुना इलेक्ट्रिक पियानो दुरुस्त करायला गेलो होतो. काका पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे.

झाकण उघडलं आणि हबकलोच. ज्या पोलादी पट्ट्यांवर हातोड्या पडून सूर निघतो, त्या सगळ्या काळ्या कुळकुळीत! मुलगा चाकणला कोटिंगच्या कंपनीत कामाला. पट्ट्यांना गंज दिसला म्हणून वडिलांच्या वाढदिवसाला तिथूनच पावडर कोटिंग करून, म्हणजे भट्टीत भाजलेल्या रंगाचा जाड थर चढवून, आणल्या.

"पप्पा, वाजवा ना," तो कौतुकानं म्हणाला.

काकांनी वाजवलं. थराच्या ओझ्यानं पट्ट्या थरथरेनात; सूर नाहीच, पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटल्यासारखं नुसतं टक टक.

मुलाचा चेहरा पडला. "भंगारात देऊ का, पप्पा?"

"दे की. टेम्पोत तूपण बस."

पट्ट्या नव्या मिळतात, राव! पण मी झाकण लावलं आणि हत्यारं आवरली. अशा बापाला तुम्ही काय बोलला असता?