उघडं गॅरेज

अमेरिकेतल्या श्रूजबरीत, आमच्या गल्लीत फ्रेंच काकूंचं गॅरेज एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सताड उघडं असे. नवं मराठी कुटुंब राहायला आलं की शेजारधर्म म्हणून त्यांची बेल वाजवी. मीही वाजवली होती.

"काकू, तुमचं गॅरेज उघडं राहिलंय."

"माहीत आहे. आत ये, पण हळू."

वर तुळईला मातीचं घरटं होतं. दर उन्हाळ्यात येणाऱ्या भिंगरी पाखरांचं.

काकू फ्रान्समधल्या एका लहानशा खेड्यातल्या. शिकायला अमेरिकेत आल्या आणि काकांशी लग्न करून इथेच राहिल्या. मराठी सासूबाईंकडून शिकल्या. आम्ही "पिकनिक कॅन्सल केली" म्हणालो की त्या विचारत, "बेत का रद्द केला?"

गावाबद्दल बोलताना त्यांचे हात थांबत नसत. झऱ्यावरची धुणं धुण्याची दगडी जागा, चुनखडीच्या उतारावरची मधमाशीसारखी दिसणारी फुलं, जुनं चर्च. युद्धात सैनिक घंटा वितळवायला नेतील म्हणून गावकऱ्यांनी ती शेणाच्या ढिगात लपवली होती. "अजून वाजली की थोडी हंबरते," असं त्या गंभीरपणे सांगत. त्या गावात भिंगऱ्या आल्या की पिल्लं उडेपर्यंत कुणी गोठ्याचं दार लावत नसे. इथे गोठा नव्हता, म्हणून गॅरेज.

काका मात्र दर वसंतात कुरकुरत. झाडांच्या परागांनी गाडी पिवळी होई. "हिच्या गावच्या रीती! पाखरं सावलीत आणि माझी गाडी उन्हात."

"गाडीला पिल्लं आहेत का?" काकू विचारत. विषय तिथेच संपे.

या जानेवारीत काकू गेल्या. मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असतो. घर विकून काकांनी आपल्याकडे यावं, असं त्याने ठरवलं. नवे मालक गॅरेज उघडं ठेवतील, अशी आशा मला नव्हती. जाता-येता मी त्या बंद दाराकडे पाहायचे.

एप्रिल सरता सरता एका सकाळी काकांची गाडी बाहेर दिसली, पिवळीधमक. मी सवयीने बेल वाजवली. काका फोन कानाला लावूनच आले. पलीकडून मुलाचा आवाज येत होता, "डॅड, मे इज द बेस्ट टाइम टू सेल!"

"सप्टेंबरमध्ये बघू. पिल्लं उडाल्याशिवाय दार लावत नाहीत आपल्या गावात," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काका, गॅरेज उघडं आहे."

"माहीत आहे. आत ये, पण हळू."